न्यायमूर्ती घरत बोलवायला निघाले

काळूराम हिरू घरत यांनी आयुष्यभर न्यायाधीशाचं काम केलं. शेवटची सहा वर्षं ते उच्च न्यायालयात होते. निवृत्त झाल्यावर ते मुंबईत राहिले नाहीत. उरण तालुक्यातल्या चिंचखार या आपल्या गावी आले आणि थोरल्या भावाच्या घराला लागून दोन खोल्या बांधून राहिले. बायको नूतनबाई त्याआधीच गेल्या होत्या. मुलगा परदेशात असतो.

मी शेजारच्या गावचा. मराठीत एम.ए. केलं, आता कॉलेजात तासिकांवर शिकवतो. सकाळी खाडीच्या बांधावर फिरायला जातो. घरतसर मला तिथंच भेटले. पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, निकेत. मग विचारलं, "तुमच्या घरातल्या कोणाचा दावा कोर्टात चालू आहे का?" मी नाही म्हटलं. तेव्हा ते माझ्याबरोबर चालू लागले. मला ती थट्टा वाटली होती. ती थट्टा नव्हती.

त्यांचे वडील हिरू आणि आई येसूबाई, दोघंही मिठागरावर कामाला. डोक्यावरून मीठ वाहून येसूबाईंच्या टाळूवरचे केस गेले होते. काळूराम शाळेतून आला की तोही मिठावर जायचा. कायद्याची पदवी घेतली, अलिबागला थोडी वकिली केली, परीक्षा दिली आणि न्यायाधीश झाला. गावातला पहिला. गावानं त्याला बैलगाडीतून मिरवलं होतं. त्या मिरवणुकीत तो मान खाली घालून बसला होता, असं जुनी माणसं सांगतात.

पहिली नेमणूक खेडला. तिथं थोरला भाऊ सदू त्यांना भेटायला गेला. बरोबर सुक्या बोंबलांची पाटी होती. पाटी आवडाबाईनं दिली होती. आवडाबाई गावची धवलारीण. आमच्याकडं लग्नात भटजी असला तरी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला धवलारीण लागते. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही. काळूरामाच्या हळदीत तीच गायली होती. तिचा नवरा पोशा हा काळूरामाचा मिठागरावरचा सोबती.

काळूरामानं पाटी बघितली. विचारलं, कोणी दिली. मग म्हणाला, "दादा, ही परत ने."

सदू म्हणाला, "अरं, खेडला पोशाची कसली केस?"

"आज नाही. उद्या कुठं असेल माहीत नाही. एकाची घेतली की सगळ्यांची घ्यावी लागते."

सदूला ती पाटी एस.टी. स्टँडवर वाटून टाकता आली असती. पण तोही हिरूचाच मुलगा, सांगितलेलं तसंच करणारा. त्यानं ती पाटी चिंचखारला परत आणली आणि आवडाबाईच्या ओटीवर ठेवली. दिलेलं खाणं परत येणं ही आमच्याकडं लहान गोष्ट नाही. गावात त्या पाटीची गोष्ट अजून सांगतात.

पुढं बंदरासाठी आणि नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. चिंचखारात दावा नसलेलं घर उरलं नाही. स्वतःच्या जिल्ह्यात न्यायाधीशाला नेमत नाहीत, त्यामुळं तेव्हा यातला एकही दावा काळूरामांपुढं येणार नव्हता. तरी त्यांनी नियम केला. ज्याच्या घरचा दावा, त्याच्या घरचं पाणी नाही. म्हणजे गावात कुणाच्याच घरचं पाणी नाही. ते कुठल्या हळदीला आले नाहीत, बारशाला आले नाहीत. वडील गेले तेव्हा आले, आई गेली तेव्हा आले. दोन्ही वेळा स्मशानातून थेट गाडीत बसले. येसूबाई शेवटपर्यंत त्यांच्या बंगल्यावर राहायला गेल्या नव्हत्या. "तितं बोलू कोनाशी?" म्हणायच्या.

घराचं येणं-जाणं सदूनं सांभाळलं. गावात एकही मांडव असा नव्हता, ज्यात सदू घरत कांदा चिरायला बसला नाही.

पोशाची गोष्ट मला सरांनी सांगितली नाही. गावानं सांगितली. पोशाचं मिठागराच्या जमिनीचं अपील उच्च न्यायालयात होतं. एके दिवशी ते चुकून काळूरामांच्या कोर्टात लागलं. पोशा नवा सदरा घालून गेला होता. वर खुर्चीत आपला कालू बसलेला बघून त्यानं बाजूच्या माणसाला कोपरानं ढोसलं. काळूरामांनी कागद वाचला आणि वर न बघता म्हणाले, "माझ्यासमोर नको. दुसऱ्या बेंचपुढं ठेवा." पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

पोशा संध्याकाळी घरी आला आणि आवडाबाईला म्हणाला, "कालूनं वलखला नाय मना."

दुसऱ्या बेंचपुढं अपील लागायला फार वर्षं गेली. तोवर पोशा गेला. अपील नंतर फेटाळलं गेलं.

हे सगळं निवृत्तीआधीचं. निवृत्तीनंतर सर गावी आले तेव्हा त्यांना वाटलं, आता नियम संपला. दाव्याचं विचारायची सवय तेवढी उरली होती. पण गावाला तसं कोणी कळवलं नव्हतं. जे लहानपणी कालू म्हणायचे ते साहेब म्हणू लागले. नाक्यावर ते आले की बाकावरची माणसं उठून उभी राहायची आणि मग बोलणं थांबायचं. बोलावणं एकाही घरातून आलं नाही. जो येत नाही त्याला कोण बोलावणार?

त्यात सदू गेला. मागं बायको कृष्णाबाई आणि मुलगी रुचिका. रुचिका नर्स आहे. गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा अल्पेश, मांडव्याकडचा, बोटीवर इंजिनीअर. मुलीचा बाप नाही म्हणून घरचा कर्ता म्हणून सर उभे राहिले. त्यांनी पनवेलचा हॉल सुचवला. रुचिका म्हणाली, "काका, लग्न कुठंही करा. हळद माझ्या दारात. बाबा सगळ्यांच्या मांडवात बसले. आपल्या मांडवात कोण बसतं ते मला बघायचंय."

सरांनी पत्रिका छापल्या. सुंदर छापल्या, एकही चूक नव्हती. मग गावातल्या प्रत्येक घराला त्या रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवल्या. पोस्टमन दोन दिवस घरोघर सह्या घेत फिरला. पोचपावत्या आल्या तेव्हा सर बांधावर मला समाधानानं म्हणाले, "सगळ्यांवर बजावणी झाली."

मला वाटलं, पुन्हा थट्टा.

आमच्याकडं हळदीच्या आधी गावातल्या बायका मांडवघरी तांदूळ निवडायला येतात. त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. घरचा कर्ता एकदा दारोदार जाऊन आला, की दुसऱ्या दिवशी सूप घेऊन बायका हजर. कर्त्यानं प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहायचं, हातावर सुपारी ठेवायची, तोंडानं बोलवायचं आणि त्या घरचं पाणी प्यायचं. पाणी प्यायलं की बोलावणं पोचलं. नाहीतर नाही.

हळदीच्या आठवड्यात कृष्णाबाईंच्या ओटीवर तांदळाची पोती उघडून ठेवली होती. बाई कोणी आली नव्हती. कृष्णाबाई एकट्याच सूप घेऊन बसल्या होत्या. सर आणि मी फिरून आलो तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

"भावजी, तुमी गावाला काय पाठवलंत?"

"पत्रिका."

"समन्स पाठवलंत. हितेशची आई इचारते, वकील लावू का म्हनून."

मला हसू आलं. सरांना आलं नाही.

"मांडव रिकामा ऱ्हायला तर पोरीच्या सासरचे काय बोलतील? बाप नाय, ते ठीक. गाव पन नाय?" कृष्णाबाई रडत नव्हत्या. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "आनि आवडाबाईकडं गेलात? ती नाय आली तर हलद लावायची कोनी? रेडिओनं?"

सर उभेच होते. मग त्यांनी विचारलं, "पाणी प्यायलाच लागतं?"

"मंग काय पिनार? चा?"

त्या संध्याकाळी ते निघाले. पांढरा सदरा, काळी पँट, खांद्याला सुपाऱ्यांची पिशवी. मला म्हणाले, "तुम्ही चला. एकटा गेलो तर दार लोटून घेतील."

पहिलं घर हितेशचं. त्याचे चार कंटेनर ट्रेलर आहेत. तो दारात गाडी धूत होता. सर उंबऱ्यावर उभे राहिले. हातावर सुपारी ठेवून म्हणाले, "शनिवारी रुचिकाची हळद आहे. सगळ्यांनी यायचं."

हितेशनं पाइप बंद केला. "साहेब, पानी बिसलेरीचा देऊ का? सील तुमच्यासमोर तोडतो."

"घरातलं दे."

"घराचीच केस हाय आमची. चालंल ना? नंतर बोलाल, हितेशनं पाजला."

आतून बायका हसल्या. सरांनी पेला घेतला आणि संपवला. हितेश पेल्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "येतो. आवडाबाईकडं गेलात का?"

"जाणार आहे."

"मंग बघू."

दुसऱ्या घरी म्हातारी म्हणाली, "स्टे उठला वाटतं." तिसऱ्या घरी तांब्या भरून दिला आणि तो रिकामा होईपर्यंत घरातली सगळी माणसं समोर उभी राहिली. चौथ्या घरी पाण्यात गूळ होता. सरांना साखरेचा त्रास आहे. त्यांनी तेही संपवलं.

अर्धी आळी झाल्यावर ते हळूच म्हणाले, "निकेत, इथं कुठं सोय आहे का?" मी शेजारच्या घरात विचारलं. बातमी आमच्या पुढं धावली. त्यानंतर प्रत्येक घरात आधी मोरी दाखवत आणि मग पाणी देत. एका घरात तर म्हणाले, "साहेब, सुनावणी आधी का नंतर?" यावर मात्र सर हसले. मी त्यांना गावात हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

प्रत्येक घरानं पाणी दिलं. येतो म्हटलं. आणि प्रत्येक घरानं तेच विचारलं. आवडाबाईकडं गेलात का?

आवडाबाईचं घर आळीच्या टोकाला, खाडीकडं तोंड करून आहे. तिचं वय ऐंशीच्या आसपास असेल. ती ओटीवर पाय पसरून बसली होती. सरांनी सुपारी पुढं केली. तिनं हात पुढं केला नाही.

"आज टाइम नाय मना," ती म्हणाली. "मंगलवारी ये."

मंगळवारी गेलो. ती नातीकडं पनवेलला गेली होती. शेजारणीनं निरोप दिला, गुरुवारी बोलावलंय.

गुरुवारी ती घरीच होती. तिच्या पुढ्यात सुकी मासळी पसरली होती. तिनं एकदा सरांकडं बघितलं, एकदा मासळीकडं. "आज बोर्ड मोटा हाय. पुढची तारीक घे."

बोर्ड म्हणजे कोर्टातली त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी. मी सरांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी विचारलं, "उद्या?"

"उद्याचा उद्या बघू."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ती मुद्दाम करतेय."

"माझ्या कोर्टात किती लोक असे परत गेले असतील," ते म्हणाले. "मुद्दाम कोणी केलं नव्हतं. तारीख मिळायची नाही, एवढंच."

शुक्रवारी सकाळी ते आवडाबाईच्या ओटीवर जाऊन बसले. दार उघडं होतं. आत ती वावरत होती. तिनं त्यांना बघितलं आणि आपलं काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी हळद. कृष्णाबाईंच्या दारात मांडवाचे खांब उभे राहिले होते, पण तांदूळ निवडायला अजून दोनच बायका आल्या होत्या. बाकीचं गाव आवडाबाईच्या ओटीकडं बघत होतं.

दुपार झाली. आत भाकरी थापल्याचा आवाज आला. तिनं जेवण केलं, भांडी घासली. सर भिंतीला पाठ न लावता बसले होते. मी म्हणालो, "सर, जेवून येऊ या."

"पुकारा झाल्याशिवाय कसं जाणार? आपण उठलो आणि नेमकं नाव पुकारलं तर?"

उच्च न्यायालयाचा माणूस ओटीवर आपलं नाव ऐकायला कान देऊन बसला होता. खाडीला भरती येत होती, मी तिकडं बघत राहिलो.

उन्हं कलली तेव्हा आतून आवाज आला. गाणाऱ्या बाईचा आवाज, वय झालं तरी लांब जाणारा.

"कालू हिरू घरत!"

सर उठले. सदरा नीट केला. आत गेले. मी दाराशी थांबलो.

ती जमिनीवर बसली होती. तेही समोर बसले.

"पोशाला वलखलास का नाय त्या दिवशी?"

"ओळखलं."

"कवा?"

"कागदावर नाव वाचलं तेव्हाच. म्हणून तर वर बघितलं नाही."

"का नाय बघितलास?"

"बघितलं असतं तर हसलो असतो. समोरच्या वकिलानं ते पाहिलं असतं. मग ज्या बेंचपुढं गेलं असतं, तिथंही ते हसू गेलं असतं."

आवडाबाईनं पदर तोंडावरून फिरवला. "म्हंजे वलखलास."

"हो."

"त्यो मरेपरत बोलत व्हता. कालूनं वलखला नाय. कालूनं वलखला नाय." ती थांबली. "येक दिस येऊन सांगाचा व्हतास."

"प्रकरण चालू होतं."

"परकरन संपला तवा त्यो नव्हता."

सरांनी मान खाली घातली.

"आता तूच सांग," ती म्हणाली. "तू जज हायस. तुजा बरोबर व्हता का चुकला?"

त्यांनी सुपारी हातात फिरवली. मग म्हणाले, "माझ्याच कामात मला निकाल देता येत नाही."

"मंग कोन देल?"

सरांनी मान वर केली. "तू दे, वैनी. मना चालंल."

मी त्यांना तीन वर्षं ओळखत होतो. त्यांच्या तोंडून गावची भाषा मी कधी ऐकली नव्हती. शुद्ध, जपून, प्रत्येक शब्द तपासून बोलणारा माणूस. मी दाराची चौकट धरून उभा होतो.

आवडाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. तांब्या भरून आणला.

"उद्या तू खुर्चीवर बसाचा नाय," ती म्हणाली. "पंगतीन पानी तू वाढाचा. सगल्या गावाला. येक मानूस ऱ्हायला तरी बसाचा नाय. हा निकाल."

"बरं."

"अपील करशील?"

"नाय."

ते पाणी प्यायले. तांब्या उपडा करून दाखवला. तिनं सुपारी घेतली. मग सुपातून मूठभर बोंबील उचलले आणि कागदात बांधले. "माघारी धाडशील?"

त्यांनी पुडी घेतली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. अर्धे बोंबील वर दिसत होते.

परत येताना मी विचारलं, "तुम्ही खरंच वर बघितलं असतं, तर निकाल बदलला असता का?"

"नाही."

"मग?"

"निकाल बदलला नसता. तो खरा आहे असं दुसऱ्या बाजूला वाटलं नसतं." थोडं चालल्यावर म्हणाले, "आज तेच प्रकरण आलं तर आजही बघणार नाही." खिशातले बोंबील त्यांनी हातानं आत ढकलले. "पण आईबापांच्या वेळी गावी आलो, तेव्हा मी वाट बदलली. पोशाच्या घरावरून जाणारी वाट टाळली. दोन्ही वेळा. त्याला कुठला नियम नव्हता."

आम्ही पोचलो तेव्हा कृष्णाबाईंच्या ओटीवर बसायला जागा नव्हती. सुपांचा आवाज नाक्यापर्यंत येत होता.

शनिवारी हळद झाली. गाव आलं. मांडव भरला आणि मागच्या अंगणात सतरंज्या टाकाव्या लागल्या. अल्पेशच्या घरची माणसं हळद घेऊन आली होती, ती बिचारी विचारत होती, जज कोण, जज कोण. कोणी बोट दाखवलं तर त्यांना पटेना. सरांनी पँट घोट्याच्या वर दुमडली होती. दोन्ही हातांत स्टीलचे जग. पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते वाकून पाणी वाढत होते.

"मायलॉर्ड, हिकडं!" हितेश ओरडला. "आमचा मॅटर पेंडिंग हाय!"

"कालूदादा, माझा पेला रिकामा."

"ए, त्याला दादा नको बोलू. अवमान होईल."

पंगत हसली. सर त्या माणसाजवळ गेले. पेला काठोकाठ भरला, इतका की उचलता येईना. "अवमानाची शिक्षा," ते म्हणाले. हसणं पुन्हा उठलं. रुचिका पाटावर बसून हे बघत होती. तिच्या गालाला हळद लागली होती.

पंगती बसल्या, उठल्या. सर बसले नाहीत. मी एकदा जग घ्यायला पुढं झालो, तर त्यांनी मान हलवली.

शेवटच्या पंगतीत कोणी राहिलं नाही ना, हे बघत ते मांडवात फिरले. आवडाबाई राहिली होती. ती पाटाशेजारी बसून गात होती. धवला मोठा असतो. त्यात देव येतात, मग गाव येतं, मग घराण्यातली नावं येतात. तिच्या पुढ्यात पितळी पेला होता, रिकामा.

सर जग घेऊन तिच्यापाशी गेले. तिनं डोळे मिटले होते. गाणं मधे तोडता येत नाही. ते उभे राहिले. गाण्यात हिरूचं नाव आलं, येसूबाईचं आलं, सदूचं आलं. मग तिनं जे नाव घेतलं ते घरतांच्या घराण्यातलं नव्हतं. पोशाचं होतं. मागून म्हणणाऱ्या बायका क्षणभर चुकल्या, आणि मग तिच्या मागून त्यांनीही ते म्हटलं.

सरांचे हात भरून आले असतील. जग जड होता. त्यांनी तो खाली ठेवला नाही.

धवला चालू होता. ते उभे होते.